यादीतून गळालेली मुलं (अ‍ॅमस्टरडॅमचं एक पाळणाघर, १९४३)

कालवेकर
५ मे २०२५, रात्री ११:१०

काल चार मे होता. इथे नेदरलँड्समध्ये या दिवशी रात्री आठ वाजता दोन मिनिटं सगळं जागच्या जागी थांबतं. युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली, पण पहिल्या वर्षी या प्रकाराचा पत्ताच नव्हता. दुकानात एकटाच कांदे पिशवीत भरत राहिलो. मग लक्षात आलं की पिशवीची चुरचुर सोडली तर दुसरा आवाजच नाही. तो ओशाळेपणा अजून गेलेला नाही.

आम्ही राहतो त्या रिव्हिएरेनबुर्ट भागात युद्धाआधी ज्यू कुटुंबं पुष्कळ होती. आमच्या इमारतीच्या दारात फरसबंदीत तीन पितळी चौकोन बसवलेत, दहा बाय दहा सेंटिमीटरचे. गुंटर डेम्निग नावाच्या जर्मन कलाकाराची ही कल्पना, 'अडखळायचे दगड'. युरोपभर बसवलेत, २०२३ च्या मे महिन्यात आकडा एक लाखावर गेला. वर लिहिलेलं असतं 'इथे राहत होते', खाली नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. आमच्या दारात नवरा, बायको आणि मुलगा आहेत. मुलाचं जन्मसाल १९३९. आई आणि मुलगा, दोघांच्या नावाखाली सोबिबोर (पोलंडमधली मृत्युछावणी), ११ जून १९४३. वडिलांचं गाव वेगळं, तारीखही वेगळी.

पितळ काळं पडतं. शनिवारी लेकीला घेऊन बसलो आणि पुण्याहून आणलेली पितांबरी लावून तिन्ही दगड घासले. ती चार वर्षांची आहे. तिने विचारलं, "हे कोणाचे देव आहेत?"

तो मुलगा वाचला नाही. पण त्याच महिन्यांत, आमच्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर, साधारण सहाशे मुलं वाचली. धागा त्यांच्यावर आहे.

प्लांटाज मिडनलान हा झाडांचा, जुन्या घरांचा रस्ता. प्राणिसंग्रहालय तिथेच, त्यामुळे पोरंबाळं असलेल्या इथल्या प्रत्येक मराठी घराची वारी होतेच. रस्त्याच्या एका बाजूला हॉलंडसे स्खाउबुर्ख हे १८९२ सालचं नाट्यगृह. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी ते ज्यूंना गोळा करायची जागा म्हणून घेतलं. घराघरातून उचललेली माणसं तिथे काही तास, काही दिवस, काही वेळा आठवडे कोंबलेली असत. मग वेस्टरबोर्कची छावणी, आणि तिथून बहुतेक मंगळवारी पूर्वेकडे जाणारी गाडी. चाळीस हजारांहून जास्त माणसं या नाट्यगृहातून गेली.

एवढ्या गर्दीत मुलांचा गोंगाट नको, म्हणून बारा वर्षांपर्यंतची मुलं रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवायची असं ठरलं. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या कानांची सोय बघितली आणि त्यातून ही फट पडली.

पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, वय पासष्टीच्या पुढे. नाट्यगृहाच्या कचेरीत जर्मनांनी नेमायला लावलेल्या ज्यू कौन्सिलतर्फे वाल्टर झ्यूस्किंट, हा स्वतः जर्मनीतून पळून आलेला ज्यू. आणि पाळणाघराच्या शेजारी शिक्षक तयार करणारं एक प्रोटेस्टंट कॉलेज, आपल्याकडच्या डी.एड. कॉलेजासारखं. त्याचे प्राचार्य योहान फान हुल्स्ट तेव्हा बत्तीस वर्षांचे. दोन इमारतींच्या परसांमध्ये झुडपांचं कुंपण.

काम आधी कागदावर व्हायचं. मूल बाहेर काढायचं तर त्याचं कार्ड नाहीसं व्हायला हवं, म्हणजे मोजदाद जुळेल. ते झ्यूस्किंट आणि त्याचा सहकारी फेलिक्स हाल्फरस्टाट बघायचे. ज्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली हे चालायचं त्या आउस डेर फ्युंटेनशी झ्यूस्किंटने दोस्ती जमवली होती, त्याला पाजायचा, गप्पा मारायचा. (हा फ्युंटेन डच तुरुंगातून १९८९ साली सुटला, तेव्हा इथे मोठं वादळ झालं होतं.) कार्ड गेलं की मूल कुंपणावरून फान हुल्स्टच्या आवारात. किंवा धुण्याच्या टोपलीत, पाठपिशवीत, बटाट्याच्या पोत्यात. कधी सरळ पुढच्या दारानेही. नाट्यगृहाच्या दारात पहारेकरी उभे असायचे, मध्ये ट्रामचा रूळ. ट्राम थांबली की पहारेकऱ्याची नजर अडायची. तेवढ्यात पाळणाघरातली सतरा-अठरा वर्षांची मुलगी किंवा कॉलेजचा कुणी विद्यार्थी पोर कडेवर घेऊन ट्रामच्या आडोशाने पळायचा आणि पुढच्या थांब्यावर चढायचा. ट्राममधल्यांना सगळं दिसायचं. कुणी चकार शब्द काढत नसे, असं वाचलेल्यांनी सांगितलंय.

तिथून पुढे अ‍ॅमस्टरडॅम आणि उत्रेख्तच्या विद्यार्थ्यांचे गट मुलांना खेड्यांत पोचवायचे. काळ्या केसांची लिंबुर्गकडे, सोनेरी केसांची फ्रीसलँडकडे, म्हणजे गावात डोळ्यावर येणार नाहीत.

आता मला खरं जे बोलायचंय ते. या तिघांच्या गोष्टी आता सांगितल्या जातात, झ्यूस्किंटच्या नावाचा पूलही तिथे जवळच आहे. पण प्रत्येक मुलाच्या बाबतीत पहिला 'हो' आईबापाने म्हणायचा होता. पाळणाघरातली मुलगी रात्री नाट्यगृहात जाऊन कानात विचारायची. उत्तर द्यायला कधी एक रात्र, कधी तेवढीही नाही. मूल कुठे जाणार हे सांगितलं जात नसे. तान्हं मूल दिलं असेल तर गाडीत चढताना आईच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली बाहुली असायची, रांगेत कुणाला संशय नको म्हणून. त्या रांगेतल्या बाईचं नाव कुठल्या पुलाला आहे?

---

शेवग्याची शेंग
५ मे, रात्री ११:५२

वाचनखूण साठवली. बाहुलीपाशी थांबले, उठून लेकाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आले. त्याला उकडत होतं तरी.

एक विचारू का? आईबापांना पुढे काय होणार हे माहीत होतं का? माहीत असतं तर सगळ्यांनीच मुलं दिली असती ना?

---

कालवेकर
६ मे, सकाळी ७:३०

@शेवग्याची शेंग, बहुतेकांना 'पूर्वेकडे कामाला नेतात' एवढंच सांगितलेलं होतं. थंडी असेल, हाल होतील, पण कुटुंब एकत्र राहील. त्या माहितीवर विचार केला तर चार वर्षांचं पोर अनोळखी विद्यार्थ्याच्या हातात द्यायचं, ही उलटी गोष्ट वाटते. पुष्कळांनी नाही म्हटलं. पाळणाघरातल्या मुली पुढे म्हाताऱ्या झाल्यावर मुलाखतींतून बोलल्या आहेत. 'आम्ही अजून जोर लावायला हवा होता का', हे त्यांच्या डोक्यातून आयुष्यभर गेलं नाही.

फान हुल्स्टचंही तसंच. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीला पाळणाघर रिकामं केलं तेव्हा सत्तर-ऐंशी, कदाचित शंभर मुलं समोर होती आणि जेमतेम काही नेता येणार होती. त्यांनी बारा नेली. पुढे ते सिनेटर झाले, युरोपियन संसदेत गेले, २०१८ मध्ये १०७ व्या वर्षी वारले. पण विचारलं की हेच सांगायचे, बारा का, तेरा का नाही.

---

आडवा प्रश्न
६ मे, सकाळी १०:१५

लेख छान आहे, नेहमीसारखा. पण थोडं तिखट बोलतो. वाचवणाऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या की वाटतं सगळा देश ज्यूंच्या मागे उभा होता. मी वाचलेलं असं की पश्चिम युरोपात सगळ्यात जास्त प्रमाणात ज्यू मारले गेले ते नेदरलँड्समध्येच. मग ही ट्राममधली गप्प बसणारी चांगली माणसं नेमकी किती होती?

---

कालवेकर
६ मे, दुपारी १:०५

तिखट नाही, बरोबर आहे. सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाख २ हजारांच्या वर मारले गेले, म्हणजे चारातले जवळजवळ तीन. फ्रान्समध्ये साधारण चारातला एक. कारणांवर इतिहासकारांत अजून वाद आहेत. पण सपाट देश, लपायला डोंगर-जंगल नाही, वर सैन्याऐवजी कट्टर नाझींचा नागरी कारभार, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे डच सरकारी नोंदी. माणूस, घर, धर्म सगळं टापटीप लिहिलेलं. चांगला कारभार म्हणून जे कौतुकाचं होतं तेच हाती आयतं मिळालं.

म्हणूनच कार्डाची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इथे कागदावरून नाव गेलं तर जीव वाचायचा.

पाळणाघरापासून पाच मिनिटांवर शहराचं नोंदणी कार्यालय होतं. २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार विलेम आरोंदेयस, शिल्पकार खेरिट फान डेर वेन आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेशात आत शिरले. पहारेकऱ्यांना औषध टोचून झोपवलं, बाहेर ठेवलं, कार्डं जमिनीवर ओतली आणि पेटवून दिली. विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी निवांतपणे काम केलं आणि उरलेल्या कागदांवर गरजेपेक्षा जास्त पाणी मारलं. तरी जळल्या-भिजल्या त्या सगळ्या मिळून साधारण १५ टक्केच नोंदी. गटातल्या बाराजणांना १ जुलैला गोळ्या घातल्या. आरोंदेयस समलिंगी होता आणि ते लपवत नसे. त्याने मरण्याआधी निरोप ठेवला की आमच्यासारखे लोक भित्रे नसतात, हे सगळ्यांना सांगा.

आणि ट्रामचं म्हणाल, तर ज्या ट्रामच्या आडोशाने मुलं पळाली, त्याच कंपनीच्या ट्रामनी रात्री माणसांना स्टेशनवर पोचवलं. त्याची बिलं रीतसर लावली. अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौरांनी शहराच्या वतीने माफी मागितली ती परवा, या २४ एप्रिलला, त्याच नाट्यगृहात. रेल्वेने २००५ मध्ये मागितली, पंतप्रधानांनी २०२० मध्ये. ८० वर्षं म्हणजे किती, तर पाळणाघरातलं तान्हं मूल आता ८२ चं.

---

गिरगावची पोर
६ मे, दुपारी ४:२०

सुंदर धागा! अशीच मुलं आपल्या कोल्हापूरजवळ पण होती ना? वळिवडे कॅम्प. म्हणजे ज्यू मुलांना आपण आसरा दिला होता, हे कुठे कुणी सांगत नाही.

---

पंचगंगेचा घाट
६ मे, संध्याकाळी ६:४०

ताई, थोडी दुरुस्ती. आमचं आजोळ वळिवड्याचं, म्हणून हे नेहमी ऐकून घ्यावं लागतं. वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडचे निर्वासित होते, साधारण पाच हजार. पण ते मुख्यतः कॅथलिक. त्यांना घरातून उचललं ते सोव्हिएत सरकारने, १९४० पासून, सायबेरिया-कझाकस्तानकडे. तिथून सुटून इराणमार्गे ते इकडे आले. थोडे ज्यूही होते त्यांच्यात, पण ती गोष्ट वेगळी. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलं ठेवली तीही त्याच वाटेने आलेली. दोन्हींचा अभिमान बाळगावाच, फक्त एकमेकांत मिसळू नये. आजी सांगायची, पोलिश बायका बाजारात खाणाखुणांनी वांगी घ्यायच्या आणि दोन-तीन वर्षांत 'किती?' 'लई महाग' मराठीत म्हणायला लागल्या होत्या.

मुंबईत मात्र हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले ज्यू खरोखर होते. डॉक्टर, चित्रकार, संगीतकार. आकाशवाणीची ती सकाळची धून बांधणारे वाल्टर काउफमान त्यांतलेच. पण ती मोठी माणसं, व्हिसा मिळवून आलेली. एकटं मूल व्हिसा कुठून मिळवणार?

---

लिंबुर्गची सून
६ मे, रात्री ९:३०

बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहितेच. माझं सासर दक्षिण लिंबुर्गात, म्हणजे कालवेकरांनी म्हटलेल्या 'काळ्या केसांच्या' वाटेवरच.

आधी एक शब्द. लपून राहायला डचमध्ये 'ओंडरडाउकन' म्हणतात, म्हणजे पाण्याखाली बुडी मारणं. आपण 'दडी मारली' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कोपरा येतो, कणगीमागची जागा येते. यांच्या शब्दात पाणी आहे. मला आधी गंमत वाटली. मग सासूबाईंच्या ओळखीच्या एका आजींनी सांगितलं तेव्हा समजलं की तोच शब्द बरोबर आहे. बुडी मारलेलं माणूस श्वास रोखून असतं, आणि कधी वर यायचं ते त्याच्या हातात नसतं.

या आजी तीन वर्षांच्या असताना त्याच पाळणाघरातून आमच्या गावात आल्या. शेतकऱ्याचं घर, सात पोरं, त्यात ही आठवी. नवं नाव, नवी प्रार्थना, क्रूस काढायला शिकवलं. सहा महिन्यांत लिंबुर्गची बोली बोलायला लागल्या. आईचा चेहरा त्यांना आठवत नाही. कोटाचं एक बटण आठवतं, चार भोकांचं, कारण कडेवर असताना ते तोंडात घालायची सवय होती. युद्ध संपल्यावर एक बाई न्यायला आली. ती सख्खी मावशी, छावणीतून परत आलेली एकटी. पोरगी शेतकरणीच्या परकराला धरून किंचाळली. मावशीला तिची बोली कळेना, हिला मावशीची डच कळेना.

"माझी दोनदा ताटातूट झाली," आजी म्हणतात, "आणि दुसऱ्या वेळी सगळे म्हणत होते, आनंद मान."

हा पुढचा भाग फारसा बोलला जात नाही म्हणून लिहिते. युद्धानंतर सुमारे दोन हजार ज्यू मुलं अनाथ उरली. त्यांचं काय करायचं हे ठरवायला सरकारने समिती नेमली. नियम असा आला की नेदरलँड्स मुक्त झाल्यावर महिनाभरात आईबाप पुढे आले नाहीत तर त्यांचा हक्क संपला. छावणीतून चालत, आजारी, कागद नसलेला माणूस महिनाभरात कुठून येणार? समितीच्या अध्यक्षा खेसिना फान डेर मोलेन. या स्वतः भूमिगत चळवळीतल्या, ज्यू मुलं लपवण्यात त्यांचा हात होता. त्यांना मनापासून वाटत होतं की मूल जिथे रुजलंय तिथेच राहू द्यावं. वाचलेले ज्यू म्हणत होते, आमचं सगळं गेलं, निदान मुलं तरी परत द्या. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. फ्रान्समध्ये फिनाली भावांचं प्रकरण तर १९५३ मध्ये देशभर गाजलं. आईबाप मारले गेलेले, ग्रेनोबलच्या पाळणाघरातल्या बाईंनी दोघांना वाचवलं, बाप्तिस्मा दिला आणि मग नातेवाइकांना द्यायला नकार दिला. मुलं डोंगर ओलांडून स्पेनमध्ये नेऊन लपवली! म्हणजे युद्ध संपून आठ वर्षांनी परत लपणं.

कोण बरोबर ते मला अजून ठरवता येत नाही. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नव्हतं."

---

शेवग्याची शेंग
६ मे, रात्री १०:०२

बटण.

नंतर लिहिते.

---

अश्दोदकर
७ मे, सकाळी ९:१०

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, मूळ अलिबागजवळच्या नवगावचा. जन्म भायखळ्याचा, १९७१ पासून इस्राएलात. मराठी टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमच्या लोकांना हा इतिहास इथे येऊन कळला. कोकणात आम्ही शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. धर्मावरून कुणी दार ठोठावलं असं आमच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. इथे आलो ते ज्यूंच्या देशात म्हणून, आणि शेजारी एक बाई रुमानियाची, एक पोलंडची, हातावर नंबर असलेली. माझी आई त्यांच्याकडे बघून गप्प व्हायची.

इथे स्मरणदिनाला सकाळी दहा वाजता देशभर भोंगा वाजतो, दोन मिनिटं. हमरस्त्यावर गाड्या थांबतात, माणसं उतरून उभी राहतात. आम्ही आलो त्या पहिल्या वर्षी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. भोंगा ऐकून म्हणाली, "गिरणी सुटली वाटतं." आयुष्य मदनपुऱ्यात गेलेलं, भोंगा म्हणजे पाळी बदलली. मग खाली बघितलं तर रस्त्यावर सगळे पुतळे. तिने हातातला ओला परकर तसाच धरून ठेवला, दोरीवर टाकला नाही. दोन मिनिटं त्याचं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकत होतं.

मुलीला शाळेत लिहायला सांगितलं, तुमच्या घरातलं कोण गेलं. तिने लिहिलं, 'कोणी नाही. आम्ही भारतातले आहोत.' बाईंनी वहीवर बरोबरची खूण केली, पण पोरीला वाटलं आपण काहीतरी कमी पडलो. घरी येऊन रडली. मी काय समजूत काढणार? म्हटलं, नशीबवान आहोत. तिला ते पटलं नाही.

लिंबुर्गच्या ताईंनी लिहिलं ते खरं आहे. लहानपणी लपलेल्या लोकांना इथेसुद्धा पुष्कळ वर्षं कुणी वाचलेल्यांत धरत नव्हतं. छावणीतून आलेले म्हणायचे, तुला काय आठवणार, तू लहान होतास, तू तर शेतावर दूध पीत होतास. ती लोकं पन्नाशी उलटेपर्यंत बोललीच नाहीत. १९९१ साली न्यूयॉर्कला अशा लपलेल्या मुलांचा पहिला मोठा मेळावा झाला, साधारण सोळाशे जण आले. आमच्या इमारतीतला एक बेल्जियमचा म्हातारा गेला होता. परत आला तो बडबडाच होऊन आला. वीस वर्षं जिन्यात नुसती मान हलवणारा माणूस!

---

खरं ते सांगतो
७ मे, सकाळी ११:४५

हे सगळं ठीक आहे, पण गाझातल्या मुलांवर धागा कधी? अ‍ॅमस्टरडॅमच्या होलोकॉस्ट म्युझियमच्या उद्घाटनाला इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष आले तेव्हा बाहेर निदर्शनं झाली, ते बरं लिहिलं नाही.

---

कालवेकर
७ मे, दुपारी १२:३०

झाली होती. १० मार्च २०२४, मी त्या दिवशी तिकडूनच सायकलने जात होतो, घोषणा ऐकल्या. फान हुल्स्टच्या कॉलेजाच्या इमारतीत आता हे राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे. आत आठवण, बाहेर घोषणा, मध्ये पोलीस. घोषणा देणाऱ्यांत काही ज्यूही होते. गाझातल्या मुलांवर धागा जरूर काढा, मी येऊन वाचीन आणि लिहीनही. पण मेलेल्या मुलांचा हिशेब एकमेकांच्या खात्यावर मांडायचा नाही, एवढं माझ्या धाग्यावर पाळू.

---

संपादक मंडळ
७ मे, दुपारी २:००

यापुढचे सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

---

जुनी पोथी
७ मे, रात्री ८:१५

अवांतर नाही, विषयातलंच. कालवेकर, तुमच्या दारातल्या दगडावरच्या तारखेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आई आणि चार वर्षांचा मुलगा, ११ जून १९४३. मी दोन वर्षं आइंडहोवनला होतो, तिथून फ्युख्तची छावणी बघायला गेलो होतो. ती तारीख तिथून आली असावी.

फ्युख्त ही नेदरलँड्समधलीच छावणी. अ‍ॅमस्टरडॅमची पुष्कळ ज्यू कुटुंबं तिथे कामासाठी ठेवली होती आणि मुलं तिथे आजाराने पटापट मरत होती. जून १९४३ च्या सुरुवातीला फर्मान निघालं की सगळ्या मुलांना इथून हलवायचं, 'मुलांच्या खास छावणीत'. ६ जूनला तीन वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर. ७ जूनला चार ते सोळा वर्षांची, बरोबर आई किंवा वडील. तिथून वेस्टरबोर्क, आणि ८ जूनला गाडी सुटली, तीन हजारांवर माणसं. ११ तारखेला सोबिबोरला पोचली. तिथे छावणी अशी नव्हतीच, गाडीतून उतरवून सरळ मारायचे. त्या वर्षी मार्च ते जुलै १९ गाड्या नेदरलँड्समधून सोबिबोरला गेल्या, ३४,३१३ माणसं. परत आली १८.

वडिलांची तारीख आणि गाव वेगळं आहे म्हणालात. फ्युख्तला कामाला लावलेले बाप मागे ठेवले जात, त्यांना नंतर दुसरीकडे पाठवलं. तुमच्या घरातलेही तसेच मागे राहिले असतील.

फ्युख्तला मुलांसाठी वेगळं स्मारक आहे, १,२६९ नावं. मी गेलो तेव्हा कुणीतरी खाली खेळण्यातली छोटी मोटार ठेवली होती. पावसाने भिजलेली. शाळेची सहल आली होती, एका पोराने ती उचलली, चाकं फिरवून बघितली आणि परत होती तशी ठेवली.

---

कालवेकर
७ मे, रात्री ११:२०

@जुनी पोथी, काय बोलू. अकरा वर्षं त्या दगडावरून जा-ये करतोय. तारीख पाठ आहे, अर्थ माहीत नव्हता. तुमचा प्रतिसाद वाचून ज्यू स्मारकाच्या डच संकेतस्थळावर त्या कुटुंबाचं पान काढलं. तिथे प्रत्येक माणसाचं वेगळं पान आहे. फ्युख्तचा उल्लेख आहे. आमचाच पत्ता, आमचाच मजला नाही, वरचा.

म्हणजे ते कदाचित नाट्यगृहात आलेच नसतील. त्यांना कुणी रात्री कानात विचारलंच नसेल. मी पहिल्या पोस्टमध्ये 'हो' आणि 'नाही' म्हणणाऱ्या आईबापांबद्दल एवढं लिहिलं, आणि माझ्या दारातल्या बाईपुढे तो प्रश्नच आला नसेल.

---

शेवग्याची शेंग
८ मे, सकाळी ६:५०

रात्रभर हा धागा डोक्यात होता. लिहायचं पुष्कळ ठरवलं होतं, आता सुचत नाहीये. म्हणून कामाचं बोलते. पितांबरीने लखलखतं खरं, पण बाहेर उघड्यावरचं पितळ ओलाव्याने आठवड्यात परत काळवंडतं. आमच्या देवळातल्या समया आम्ही चिंचेच्या कोळात मीठ घालून घासतो, मग स्वच्छ धुऊन अगदी कोरडं पुसायचं आणि वरून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवायचा. जास्त टिकतं. अक्षरांच्या खाचांत चिंच राहू देऊ नका, हिरवं चढतं. जुना दात घासायचा ब्रश घ्या.

---

कालवेकर
८ मे, रात्री ९:४०

केलं. चिंच भारतीय दुकानात मिळाली, ब्रश लेकीचा जुना. खोबरेल जपूनच लावलं, दगड रस्त्यात आहे, कुणी घसरायला नको.

वरच्या मजल्यावरच्या डच आजी खाली आल्या, वाकून वास घेतला आणि विचारलं हे काय. म्हटलं चिंच. त्यांनी बोटाने थोडी चाखली, तोंड वाकडं केलं. मग वर जाऊन स्वतःचा हातरुमाल घेऊन आल्या आणि वडिलांचा दगड त्यांनी पुसला. लेकीने मुलाचा.